पुढचा क्यूब कोणता?

समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर ओलांडून सिंदखेड राजाकडे निघाला की दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, तूर आणि मधून काँक्रीटचा करडा पट्टा. अशा कोणत्याही मोठ्या कामाच्या कडेला पत्र्याची एक खोली असते. तिथे १५० मिलिमीटर बाजूचे लोखंडी साचे रांगेत मांडलेले असतात. गाडीतून आलेले ताजे काँक्रीट साच्यात तीन थरांत भरतात, प्रत्येक थर सळईने ठोकून बसवतात. चोवीस तासांनी साचा खोलतात, ठोकळ्यावर तारीख घालतात आणि तो पाण्याच्या टाकीत सोडतात. आठ किलोंच्या आसपास भरणाऱ्या या ठोकळ्याला ठेकेदारापासून मजुरापर्यंत सगळे ‘क्यूब’ म्हणतात. अठ्ठाविसाव्या दिवशी तो बाहेर काढून यंत्रात चिरडतात. किती दाबाला तडकला तो आकडा रजिस्टरमध्ये जातो आणि रस्त्याचा तो तुकडा पास की नापास ते ठरते.

अठ्ठावीस दिवस. बांधकामाच्या जगातला हा आकडा इतका सवयीचा झाला आहे की त्याची किंमत कुणाच्या लक्षात येत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया संथ असते. महिनाभरात बरीचशी ताकद येते, उरलेली पुढे कित्येक महिने येत राहते. म्हणजे काँक्रीटच्या नव्या मिश्रणाला एक प्रश्न विचारला, तर उत्तर यायला चार आठवडे लागतात.

आणि प्रश्न किती? सिमेंट, भट्टीची मळी म्हणजे स्लॅग, औष्णिक वीज केंद्रातली राख, पाणी, काँक्रीट पातळ ठेवणारे रसायन, गिट्टी आणि रेती असे सात घटक धरू. प्रत्येकाची फक्त पाच प्रमाणे तपासायची ठरवली, तरी ७८,१२५ मिश्रणे होतात. एका वेळी वीस मिश्रणे ओतून अठ्ठावीस दिवस थांबायचे, मग पुढची वीस घ्यायची, असा क्रम धरला तर काम संपायला जवळपास ३०० वर्षे लागतील.

नव्या पदार्थांच्या शोधातली खरी अडचण हीच आहे. मिश्रधातू असो, बॅटरी असो, औषधाची गोळी असो की रस्त्याचे काँक्रीट, शक्यता लाखांत असतात आणि हातात असतात पन्नास-शंभर प्रयोग. गेल्या दहा वर्षांत मशीन लर्निंगने या ठिकाणी जे काम केले आहे, ते एका साध्या प्रश्नाभोवती फिरते: आतापर्यंतचे निकाल पाहता, पुढचा प्रयोग नेमका कोणता करावा?

हा प्रश्न बुलढाण्याच्या शेतकऱ्याला नवा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती आयुष्यात फार तर चाळीस-पन्नास खरीप येतात. नवे वाण, वेगळे अंतर, खताची वेगळी मात्रा, यातले काहीही करून पाहिले तरी निकाल वर्षातून एकदाच लागतो. पाऊस कमी झाला म्हणून उत्पन्न घटले की बियाणे वाईट होते, हेही सांगता येत नाही. प्रयोगांची आखणी हे शास्त्र जन्माला आले ते म्हणूनच शेताच्या बांधावर. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात दाखल झाले. कोणत्या वाफ्यात कोणते खत पडेल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवावे, प्रत्येक उपचार अनेक वाफ्यांत करावा, आणि एकावेळी एकच गोष्ट बदलण्याऐवजी अनेक गोष्टी आखणीनुसार एकत्र बदलाव्यात, हे त्यांनी मांडले. त्यांचे ‘डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ हे पुस्तक १९३५ चे.

हे शास्त्र भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत दोन मराठी माणसे अग्रभागी होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि परत येऊन भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या संशोधन संस्थेत कापसावर काम करत होते. दोघांनी मिळून लिहिलेले शेती संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी विद्यापीठांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर घडल्या.

सुखात्मे यांचे आणखी एक काम आजही बुलढाण्याच्या प्रत्येक तालुक्यात चालते: पीक कापणी प्रयोग. कोणत्या गटाच्या शेतात, कोपऱ्यापासून किती पावलांवर तुकडा आखायचा, ते यादृच्छिक आकड्यांनी ठरते. तिथे पीक करपलेले असले तरी शेजारचा हिरवा तुकडा घ्यायचा नाही. जे निघेल तेच तोलून लिहायचे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. आखणीच्या रेषेवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर, या क्षणी माणसाचा हात नकळत झाड आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका रेषेवरच्या झाडांचा वाटा मोठा. ही गोष्ट पुढे पुन्हा लागेल.

फिशर यांच्या पद्धतीत सगळी आखणी पेरणीआधी होते. शेतात ते योग्यच, कारण सगळे वाफे एकाच मृगात पेरायचे असतात. प्रयोगशाळेत मात्र निकाल टप्प्याटप्प्याने येतात. पहिल्या दहा नमुन्यांनी काही शिकवले असेल, तर अकरावा नमुना जुन्या आखणीप्रमाणेच का करायचा?

उत्तराची किल्ली खाणकामातून आली, आणि ती समजून घ्यायला बुलढाण्यातल्याच लोणारच्या विवरासारखी जागा नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात अशनीच्या आघाताने झाले. विवरातल्या तळ्याच्या तळात विंधन घेऊन काढलेल्या दगडांत मास्केलिनाइट सापडले. हे खनिज म्हणजे प्रचंड धक्क्याने, न वितळता, काचेसारखे झालेले फेल्डस्पार. ज्वालामुखीच्या दाबाने ते होत नाही. स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी हा पुरावा १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला.

आता कल्पना करू, की तळ्याच्या गाळाखाली फुटलेला पाषाण सर्वांत खोल कुठे आहे ते शोधायचे आहे आणि पैसा आहे आठच विंधनांचा. पहिली तीन विखुरलेल्या जागी घेतली. त्यांच्या आसपास खोली साधारण तेवढीच असणार, असा अंदाज कुणीही करील. जवळच्या जागा सारख्या असतात. जसजसे विंधनापासून दूर जाऊ, तसतसा अंदाज डळमळीत होतो. म्हणजे तळ्याच्या प्रत्येक बिंदूला दोन आकडे देता येतात: इथे खोली किती असावी, आणि त्या अंदाजावर भरवसा किती. चौथे विंधन कुठे घ्यायचे? जिथे खोली भरपूर निघेल असे वाटते तिथे, की जिथे काहीच ठाऊक नाही तिथे?

दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांच्यापुढे विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत हाच पेच होता. मोजक्या नमुन्यांवरून न खणलेल्या भागातल्या सोन्याचा अंदाज बांधण्याची रीत त्यांनी १९५१ मध्ये मांडली. फ्रेंच गणिती जॉर्ज माथेराँ यांनी तिला भक्कम गणिती पाया दिला आणि क्रिग यांच्या नावावरून तिचे नाव ‘क्रिगिंग’ ठेवले. हेच गणित आज मशीन लर्निंगमध्ये ‘गाउसियन प्रोसेस’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या जोडीला पुढची जागा निवडण्याचा नियम आला, की झाले ‘बेझियन ऑप्टिमायझेशन’. अंदाज आणि अनिश्चितता हे दोन्ही आकडे जमेस धरून, जिथे आजवरच्या सर्वोत्तम निकालापेक्षा अधिक मिळण्याची अपेक्षा सर्वांत मोठी, तिथे पुढचा प्रयोग करायचा. निकाल आला की नकाशा पुन्हा काढायचा. आठ एकरांपैकी सात एकरांत भरवशाचे वाण आणि एका एकरात नवे, असा तोल शेतकरी अनुभवाने साधतो. इथे तो प्रत्येक पावलाला नव्याने मोजला जातो. लोणारच्या नकाशाला दोन दिशा आहेत, काँक्रीटच्या नकाशाला सात. संगणकाला दोन्ही सारखेच.

हे गणित प्रयोगशाळेत काय करते, त्याचे सुंदर उदाहरण २०१६ चे आहे. निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू वाकवला आणि तापवला की आपल्या मूळ आकारात परत येतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायचे काही स्टेंट आणि न मोडणाऱ्या चष्म्याच्या काड्या याच धातूच्या असतात. अडचण अशी, की तापताना तो ज्या तापमानाला रूप बदलतो, थंड होताना त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला परततो. ही दरी जितकी रुंद, तितका धातू पुन्हापुन्हा वापरल्यावर लवकर थकतो. निकेलच्या जागी थोडे तांबे, लोह, पॅलेडियम घातले तर दरी अरुंद होते. पण किती घालायचे? अमेरिकेतली लॉस अलामोस प्रयोगशाळा आणि चीनमधल्या शीआनचे संशोधक यांच्यापुढे सुमारे ८ लाख शक्य मिश्रणे होती. मोजलेली होती फक्त २२.

देझेन श्वे, तुराब लुकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या २२ निकालांवर संगणकाचे प्रतिमान (मॉडेल) शिकवले. प्रतिमानाने सुचवलेले चार मिश्रधातू वितळवले, मोजले, निकाल परत प्रतिमानाला दिले. अशा नऊ फेऱ्या झाल्या; एकूण ३६ नवे मिश्रधातू. त्यांतले १४ मूळच्या बाविसांतल्या प्रत्येकापेक्षा सरस निघाले. सर्वांत चांगल्या नमुन्यात ती दरी अवघी १.८४ केल्विन होती. आठ लाखांपैकी छत्तीस! बऱ्याच सूचना फसल्याही, पण फसलेल्या नमुन्याने नकाशाचा तेवढा भाग उजळला आणि पुढच्या फेरीची निवड सुधारली.

दुसरी युक्ती बॅटरीवाल्यांनी दाखवली. लिथियम बॅटरी दहा मिनिटांत चार्ज करायची, पण ती लवकर मरू द्यायची नाही, यासाठी विल्यम च्वे, स्टेफानो एरमोन आणि त्यांच्या गटाने चार्जिंगच्या २२४ वेगवेगळ्या रीती मांडल्या. एकेक बॅटरी मरेपर्यंत चालवून पाहायची, तर सगळ्या रीतींना ५०० हून अधिक दिवस लागले असते. त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. पहिल्या शंभर चक्रांवरून बॅटरीचे पूर्ण आयुष्य सांगणारे एक प्रतिमान, आणि पुढच्या रीती निवडणारे बेझियन गणित. काम १६ दिवसांत झाले. २०२० मध्ये ते ‘नेचर’मध्ये आले.

साइटवरचा अभियंता हे वाचून मान डोलावेल. तोही सातव्या दिवसाचा क्यूब फोडून अठ्ठाविसाव्या दिवशी काय निघेल ते ताडतोच. साध्या सिमेंटला सातव्या दिवशी दोन-तृतीयांशाच्या आसपास ताकद आलेली असते. राख घातलेले मिश्रण मात्र या आडाख्याला दाद देत नाही. राखेची क्रिया उशिरा सुरू होते आणि दीर्घकाळ चालते, म्हणून सातव्या दिवशी मागे पडलेला क्यूब नव्वदाव्या दिवशी पुढे गेलेला असू शकतो. अशा वेळी एका गुणकाऐवजी ताकद दिवसागणिक कशी चढते ते शिकणारे प्रतिमान लागते. २०२३ मध्ये मेटा कंपनी आणि इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी काँक्रीटसाठी नेमके हेच केले. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. चुनखडी भाजताना तिच्यातला वायू सुटतोच, इंधनाचा धूर वेगळा. सिमेंट कमी, राख आणि स्लॅग अधिक, तरी ताकद पुरेशी आणि वेळेत, असा तोल शोधायला त्यांनी बेझियन पद्धत वापरली. त्यासाठीची संगणक प्रणाली कुणालाही विनामूल्य मिळते.

प्रणाली मोफत मिळते. आकडे मिळत नाहीत. काँक्रीटवर मशीन लर्निंग शिकणारा जगभरातला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एकच तक्ता वापरतो. तैवानचे प्राध्यापक आय-चेंग ये यांनी १९९८ च्या आपल्या संशोधनात वापरलेला हा तक्ता आहे १,०३० नोंदींचा. घटकांची सात प्रमाणे, वय आणि ताकद. पण बुलढाण्याच्या काँक्रीटमधली गिट्टी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. पूर्णेची रेती वेगळी, क्रशरची दगडी भुकटी वेगळी, वीज केंद्रागणिक राख वेगळी. दुसऱ्याच्या मातीत शिकलेले प्रतिमान इथे आणले तर वाट दाखवील, पण नकाशा इथल्याच नमुन्यांचा हवा.

इथल्या नोंदी मुळात थोड्या नाहीत. पुसून टाकलेल्या आहेत. प्रबंधात, अहवालात, शोधनिबंधात येते ते जमलेले मिश्रण. मिक्सरमध्येच घट्ट झालेले, साचा खोलताना कोपरा ढासळलेले, पाणी सोडून गेलेले, यांची नोंद वहीत राहते आणि वही रद्दीत जाते. अमेरिकेतल्या हॅवरफर्ड या लहानशा महाविद्यालयात अलेक्झांडर नॉर्क्विस्ट, जोशुआ श्रायर आणि सोरेल फ्रीडलर यांनी नेमक्या अशा वह्या बाहेर काढल्या. स्फटिक बनवण्याच्या वर्षानुवर्षांच्या फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी संगणकात भरल्या आणि त्यांवर प्रतिमान शिकवले. नव्या प्रयोगांत त्याच्या सूचना ८९ टक्के वेळा फळाला आल्या. अनुभवी माणसांच्या अंदाजाचे यश ७८ टक्के होते. हे काम २०१६ मध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठाची कथा झाले. फक्त जमलेले प्रयोग पाहिलेल्या प्रतिमानाला कड्याची धार कुठे आहे ते कळत नाही. करपलेल्या तुकड्याचे पीकही तोलून लिहा, हा पीक कापणीचा दंडक इथे जसाच्या तसा लागू पडतो. रेषेवरचे झाड आत ओढणारा हात प्रयोगशाळेतही असतोच; तिथे तो नको असलेला क्यूब ‘साचा बरोबर भरला नव्हता’ म्हणून बाजूला ठेवतो.

यंत्रावर सगळे सोपवून मोकळे होण्याचा मोहही मोठा आहे. २०२३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेने ‘ए-लॅब’ जगापुढे आणली. यंत्रमानव भुकट्या मिसळतात, भट्टीत भाजतात, क्ष-किरणांनी तपासतात आणि पुढची कृती स्वतः ठरवतात. १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचा दावा होता. काही आठवड्यांतच लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी क्ष-किरणांचे आलेख पुन्हा तपासले. नवे म्हणून मोजलेले बरेच पदार्थ आधीच ठाऊक असलेल्या संयुगांची अणू विस्कळीत बसलेली रूपे असावीत, असे त्यांनी दाखवले. भट्टी चालवणे यंत्राला जमले होते. हाती आले ते काय, हे ओळखायला स्फटिकशास्त्र कोळून प्यालेली माणसे लागली.

महाराष्ट्रात या कामाला लागणारे एकेक अंग तयार आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमोल कुलकर्णी यांनी बारीक नळ्यांतून सतत वाहणाऱ्या रासायनिक क्रियांवर काम केले. त्यांना २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पातेल्यात एकदा घाणा घालून थांबण्याऐवजी नळीतला प्रवाह आणि तापमान बदलले की थोड्याच वेळात नवा निकाल हाती येतो. पुढचा प्रयोग गणिताने निवडायचा असेल, तर अशी भराभर उत्तरे देणारी रचना सोन्यासारखी. काँक्रीटला तो वेग नाही. म्हणूनच तिथे प्रत्येक प्रयोगाची निवड अधिक मोलाची.

आणि बुलढाण्याजवळ निवडीच्या लायकीचा प्रश्नही आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरी आणि बोअरचे पाणी खारे. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. लोखंड नसेल तर मर्यादा २,००० ची आहे. क्लोराइड सळईपर्यंत पोचले की ती गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट सोलून निघते. योग्य प्रमाणात घातलेली राख काँक्रीटमधली छिद्रे बारीक करते आणि क्लोराइडची वाट अडवते. तीच राख जास्त झाली तर सुरुवातीची ताकद रेंगाळते आणि साचे अडकून पडतात. राखेसाठी लांब जायलाही नको; शेजारच्या अकोला जिल्ह्यातले पारस औष्णिक वीज केंद्र शेगावपासून जवळच आहे. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

तिथे असा प्रयोग करायचा तर हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जुलैच्या आरंभी बारा मिश्रणे, सातही घटक शक्य तितके विखरून. प्रत्येकाचे तीन क्यूब अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे, आणखी काही क्लोराइडच्या चाचणीसाठी राखायचे. रजिस्टरमध्ये एक रकाना जास्तीचा: काय बिघडले. पोळ्याच्या आधीच पहिले बारा निकाल हाती असतील आणि साध्या लॅपटॉपवरचे प्रतिमान पुढची चार मिश्रणे सुचवील. त्यानंतर दर अठ्ठावीस दिवसांनी चार. नऊ फेऱ्यांची ३६ मिश्रणे, वर आधीची १२. एकूण ४८ मिश्रणे, फोडायचे १४४ क्यूब. ७८,१२५ मिश्रणांच्या त्या मैदानात, पुढच्या मृगाच्या आत.